अर्ध्या इंचाची कप्तानी

वेस प्रोकोपचुकला टॅमरॅकच्या आइस हॉकी संघाचा कप्तान व्हायला अकरा वर्षं लागली. झाल्यावर त्याला कळलं की अख्ख्या संघात स्वतःची तक्रार करायला सवड नसलेला माणूस म्हणजे कप्तान. पोरांच्या तक्रारी ऐकायच्या, कोचच्या ऐकायच्या, बसचा हीटर चालत नाही हे ड्रायव्हरला सांगायचं आणि पोरं सीटवर बूट ठेवतात हे ड्रायव्हरचं गाऱ्हाणं पोरांपर्यंत न्यायचं. कुणी बायकोचा वाढदिवस विसरला तरी ‘आता काय करू?’ हा प्रश्न कप्तानाच्याच घरी येणार. आणि हे सगळं कशासाठी, तर जर्सीवर डाव्या छातीशी शिवलेल्या एका ‘सी’ या अक्षरासाठी.

त्या अक्षराला एकच खरा अधिकार होता. बर्फावर पंचाशी बोलायचं ते फक्त त्यानं. बाकी कुणी हुज्जत घातली की पंच बोटानं शिक्षेचं खोकं दाखवायचा आणि तो गडी दोन मिनिटं काचेमागे बसून राहायचा. गोलकीपर ताउनो रिंतला संघात सगळ्यात जुना आणि सगळ्यात शहाणा होता, पण गोलकीपरला कप्तान करता येत नाही असा नियमच होता. गोलपासून पंचापर्यंत येईतो त्याला त्या अवजड पॅडांतून अर्धा तास लागेल, म्हणून असेल. ताउनो म्हणायचा, “माझ्यावर अन्याय झालाय असं समजू नका. मी सुटलोय.”

वेस मात्र खूश होता. वय चौतीस, नाक तीनदा मोडलेलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूला बसलेलं, पुढचे दोन दात कपाटातल्या पेल्यात. बचावफळीतला गडी, वर्षाला फार तर चार गोल. त्याच्यासारख्याला कप्तान करतात तेव्हा लोक त्याच्या खेळाला नव्हे, त्याच्या शब्दाला मान देतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्याचा त्या अक्षरावर एवढा जीव होता.

मार्च महिना. ऑन्टॅरिओच्या उत्तरेला मार्चमध्येही नदीवर ट्रक चालतात. हंगामाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी, ब्लांशव्हिलशी. ब्लांशव्हिलवाले बाद फेरीत कधीच पोचले होते. टॅमरॅकला निदान बरोबरी हवी होती, हरले की घरी. निकेलच्या खाणीवाल्यांनी दुपारच्या पाळीच्या सुट्ट्यांसाठी इतके अर्ज टाकले की फोरमननं शेवटी स्वतःचाही टाकला.

ब्लांशव्हिलचा कप्तान मार्सेल थिबो म्हणजे वेसचा मेहुणा. पूर्वी दोघं टॅमरॅकलाच खेळायचे, सहा वर्षं बाहेरगावी एका खोलीत राहिले होते. त्या सहा वर्षांत मार्सेलनं वेसचे मोजे वापरले, त्याचा दाढीचा साबण संपवला आणि शेवटी त्याच्या बहिणीशी, नादियाशी, लग्न केलं. मग तो तिकडच्या संघात गेला आणि गोलांचा नुसता धडाका लावला. या हंगामात त्याचे सत्तेचाळीस झाले होते. पन्नास करणारा त्या लीगमध्ये आजवर एकही झाला नव्हता.

ब्लांशव्हिलची बस शनिवारीच आली, आणि मार्सेल हॉटेलात बॅग टाकून थेट सासूबाईंकडे जेवायला हजर झाला. येताना हातात दोन स्टिका.

वेसच्या आईनं, स्टेफानं, दारातच अडवलं. “हॉकी बाहेर बुटांशेजारी ठेवायची. ताटावर बसलात की दोघं माझे.”

“आई, हिला जरा ऊब द्यायचीय. हॉटेलात गॅस नाही हो.”

“माझ्या शेगडीवर? मी तिच्यावर सूप करते!”

“दोन मिनिटं. तुमच्या त्या बटाटा भरलेल्या पिरोगींची शपथ.”

जावयाला नाही म्हणणं स्टेफाला कधी जमलं नव्हतं. तोंडानं बडबडत तिनं पातेलं बाजूला सरकवलं. मार्सेलनं एका स्टिकचं पातं आचेवर फिरवून फिरवून शेकलं, वांगं भाजतात तसं, आणि चांगलं मऊ झाल्यावर ते दाराच्या फटीत खुपसलं.

“वेस, दांडा धर. जोर लाव की रे! उद्या माझ्याविरुद्ध लावायचाच आहेस, आज थोडा माझ्यासाठी लाव.”

वेसनं दांडा धरला आणि जोर लावला. पातं पन्हाळीसारखं वळलं. दोघांनी ते बाहेर बर्फात खुपसून गार केलं आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. नियमानं पात्याला अर्ध्या इंचापर्यंत बाक चालतो. हा चांगला पाऊण इंच होता. बाक जितका जास्त तितकी रबरी चकती हवेत उसळते, डुलते, आणि गोलकीपरला कुठं बघावं ते कळत नाही.

यात वेसला काहीच वावगं वाटलं नाही. तेव्हा सगळेच वाकडी स्टिक वापरायचे. पंचांना माहीत, कोचांना माहीत. समोरच्या कप्तानानं मोजायची मागणी केली तरच पंच मोजपट्टी काढायचा. स्टिक वाकडी निघाली तर त्या गड्याला दोन मिनिटं शिक्षा, आणि सरळ निघाली तर मागणाऱ्याच्याच संघाला. पण अशी मागणी सहसा कुणी करायचं नाही. ते नियमात बसायचं, माणुसकीत बसायचं नाही. दुसऱ्या एका गावच्या कप्तानानं एकदा ती केली होती. नंतर दोन वर्षं त्याच्याशी कुठल्याच गावात कुणी हात मिळवला नाही.

फार तर एवढंच, की प्रत्येक जण एक सरळ स्टिक जवळ बाळगायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कुणाचा नेम नाही म्हणून, गुपचूप ती हातात घ्यायचा.

रविवारी मार्सेलनं ती घेतली नाही. घेणार कशी? त्यानं अठ्ठेचाळिसावा पहिल्या सत्रात मारला, एकोणपन्नासावा दुसऱ्यात. ताउनो दोन्ही वेळा एकीकडे झेपावला आणि चकती दुसरीकडून गेली. शेवटच्या सत्रात एक मिनिट चाळीस सेकंद उरले तेव्हा ब्लांशव्हिल तीन, टॅमरॅक दोन. शिट्टी झाली, खेळ थांबला, आणि कोच गॉर्ड टिंडलनं बाकाच्या कठड्यावर मूठ आपटली.

“प्रोकी! इकडे ये.”

टिंडल हा च्युइंगम चघळत जन्माला आलेला माणूस होता. रागावला की चघळणं वाढायचं, आणि आता तर जबडा दिसेनासा झाला होता.

“थिबोची स्टिक बघितलीस?”

“बघितली.”

“चकती कशी डुलतेय तेही बघितलंस. तो काही अर्धा इंच नाही. काल त्याच्याबरोबर जेवलास ना तू? खोटं बोलू नकोस.”

वेसनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. पाणी संपलं, प्रश्न काही संपला नाही.

“वाकडी आहे,” तो म्हणाला.

“नक्की?”

“पाऊण इंच.”

टिंडलचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. “मग जा! मोजायला सांग! तो दोन मिनिटं आत, गोलकीपर सोडून त्यांचे चार उरतील. आपण गोलकीपर काढू, आपले सहा. अरे, सहा विरुद्ध चार! माझी आईसुद्धा गोल करेल.”

“कोच, असं आपल्याकडून आजवर कुणी मागितलेलं नाही.”

“आजवर आपण इतक्या जवळ येऊन मेलोही नाही.”

“तो माझ्या बहिणीचा नवरा आहे.”

“तिची माफी मी मागतो. फुलं घेऊन जातो.” टिंडल पुढं वाकला, आवाज खाली आणला. “हे बघ. मला पंचाशी बोलता येत नाही. इथल्या कुणालाच येत नाही, तुला सोडून. तेवढ्यासाठीच ते अक्षर असतं. तुला जमत नसेल तर उद्या सकाळी ते उसवून माझ्या टेबलावर ठेव. ज्याला तोंड आहे अशा कुणाला तरी मी देतो.”

वेस निघाला. बाकापासून पंचापर्यंत फार तर वीस पावलांचं बर्फ, पण त्याला ते नदी ओलांडल्यासारखं वाटलं. चार हजार माणसं ओरडत होती. चौथ्या रांगेत आई आणि नादिया होत्या, आणि आईच्या गळ्यात दोन्ही संघांचे मफलर होते. संघासाठी काहीही करीन, असं गेल्या सप्टेंबरात त्यानं सगळ्यांपुढं उभं राहून म्हटलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता करायची वेळ आली होती, आणि स्वतःच्या हातानं वाकवलेली स्टिक आपण पंचाच्या हातात कशी द्यायची, या विचारानं त्याला शरमेनं घाम फुटला. तिथंच त्याला कळून चुकलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. अक्षर गेलं तर गेलं.

पण पोरांचं काय? त्यांचा हंगाम? गप्प बसलो तर त्यांना बुडवल्यासारखं होईल. पंचाच्या चार पावलं अलीकडं मार्सेल गुडघ्यांवर आडवी स्टिक टेकून श्वास घेत होता. वेस त्याच्यापाशी थांबला.

“मार्सेल, स्टिक बदल.”

“का रे, आवडली नाही?”

“थट्टा पुरे. मला मोजायला सांगितलंय.”

मार्सेलचं हसू मावळलं. त्यानं टॅमरॅकच्या बाकाकडं बघितलं, कठड्यावरून अर्धा बाहेर आलेल्या टिंडलकडं बघितलं, मग परत वेसकडं.

“एक राहिलाय, वेस. एकच.”

“माहितेय.”

“आणि तू विचारणार?”

नाही म्हटलं तर स्वतःच्या संघाशी बेइमानी, हो म्हटलं तर खोटं. वेस तोंडात मूग धरून उभा राहिला. मार्सेल त्याच्याकडं क्षणभर बघत राहिला, मग एक फ्रेंच शिवी हासडली, जी ब्लांशव्हिलमध्ये चर्चच्या पायरीवरही चालते, आणि सरळ आपल्या बाकाकडं गेला. वाकडी स्टिक आत फेकली, सरळ घेऊन परत आला.

“काय हवंय, कप्तान?” म्हातारा पंच वेसला म्हणाला.

“काही नाही. वेळ किती राहिलाय?”

“घड्याळ तुझ्या डोक्यावर लटकतंय.”

टॅमरॅकच्या बाकावर टिंडलनं दोन्ही हात आभाळाकडं केले. वेसनं तिकडं बघायचं टाळलं.

खेळ सुरू झाला. टिंडलनं ताउनोला बाहेर बोलावलं, त्याच्या जागी सहावा गडी आला. मागं गोल सताड उघडा. एक मिनिट दहा. एक मिनिट. आणि मग जे व्हायला नको तेच झालं. टॅमरॅकच्या डॅरिलच्या पायातून चकती निसटली, ब्लांशव्हिलच्याच अर्ध्यात मार्सेलला सापडली, आणि त्याच्यापुढं रिकामं बर्फ आणि रिकामा गोल सोडून काही नव्हतं. वेस जीव खाऊन त्याच्या अंगावर धावला. पोचणं शक्यच नव्हतं.

मार्सेलनं फटका मारला. वर्षभर वाकड्या पात्याची सवय झालेला हात! सरळ पात्यावरून चकती बर्फाला चिकटून सटकली आणि खांबाच्या वीतभर बाहेरून गेली. नादिया जोरात किंचाळली. कुणाच्या बाजूनं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

स्वतःच्या अर्ध्यातून चकती समोरच्या टोकाला घालवली की खेळ परत मारणाऱ्याच्याच गोलसमोर सुरू होतो. शिट्टी. एकतीस सेकंद. चकती वेसकडं आली, त्यानं डोळे मिटून तडाखा दिला. चकती गोलच्या बरीच बाहेर चालली होती, पण वाटेत डॅरिलचं बूड आलं. बुडाला आपटून ती आत गेली. डॅरिलला ते आठवडाभर दुखलं, पण तो ते गावभर सांगत फिरला.

तीन-तीन. त्या लीगमध्ये बरोबरी झाली की तिला बरोबरीच म्हणायचे, पुढं काही नाही. टॅमरॅक बाद फेरीत गेलं आणि खाणीवाल्यांनी इतक्या टोप्या बर्फावर फेकल्या की नंतर आठवडाभर अर्ध्या गावाचे कान गारठले.

ड्रेसिंग रूममध्ये टिंडल आला तो नाचतच.

“बघितलंत? बघितलंत का याला? मी म्हणालो मोज! याचं डोकं माझ्या पुढं! मोजायला सांगितलं असतं तर थिबो दोन मिनिटं आत बसला असता, बस. यानं न मोजता त्याची स्टिकच काढून घेतली! धमकीवर! नियम मोडला नाही, कुणाचा वाईटपणा घेतला नाही, आणि त्याचा हात लंगडा केला. वीस वर्षं कोच आहे मी, असला कोल्हा बघितला नाही!”

पोरांनी वेसच्या पाठीवर थापा मारून मारून त्याला बाकावर बसवला.

तेवढ्यात दार वाजलं. सामना संपल्यावर समोरच्यांच्या खोलीचं दार वाजवायची मुभा फक्त कप्तानाला. मार्सेल आत आला, पायात नुसते मोजे, गळ्यात टॉवेल, डोळे लाल.

“अभिनंदन,” तो सगळ्यांना म्हणाला. मग वेसपुढं उभा राहिला. “एकच विचारायचंय. मी बदलली नसती, तर मोजली असतीस?”

“अर्थात मोजली असती!” टिंडल हसला. “सांग त्याला, प्रोकी.”

वेसनं वर बघितलं. एका ‘हो’चं काम होतं. टिंडलचा कोल्हा कोल्हाच राहिला असता, अक्षर छातीवर राहिलं असतं, आणि मार्सेललाही वाटलं असतं की आपला पन्नासावा गेला तो निदान कशासाठी तरी गेला.

“नाही,” वेस म्हणाला.

टिंडलचं चघळणं थांबलं. “नाही?”

“नाही, कोच. तुमच्यापासून चार पावलं गेलो तेव्हाच कळलं होतं. ती वाकवताना दांडा मीच धरला होता. मी कुठल्या तोंडानं मोजायला सांगणार?”

मार्सेलनं डोक्याला हात लावला. “म्हणजे माझा पन्नासावा फुकट गेला? अरे देवा! सांगितलं असतंस तरी!”

“सांगितलं असतं तर तू मारला असतास.”

“मारलाच असता! त्यासाठीच तर मी आलो होतो!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. टिंडल हसला नाही. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. “मी काय म्हणालो होतो, आठवतंय ना?”

“आठवतंय.” वेसनं उभं राहून जर्सी अंगातून काढायला सुरुवात केली.

“कोच,” कोपऱ्यातून पॅड सोडता सोडता ताउनो म्हणाला, “यानं आज मागितलं असतं, तर बाद फेरीत प्रत्येक जण आपल्या स्टिका मोजायला लावणार. या खोलीत सरळ स्टिक किती जणांकडं आहे, विचारा.”

टिंडलनं खोलीभर नजर फिरवली. पोरं छताकडं, बुटांकडं, एकमेकांच्या कानांकडं बघायला लागली. डॅरिलनं पायानं आपली स्टिक हळूच बाकाखाली सारली.

“ते वेगळं,” टिंडल गुरगुरला. “मी यानं माझं ऐकलं नाही त्याबद्दल बोलतोय.”

“मग माझंही ऐका,” मार्सेल म्हणाला. “मी काही मोजपट्टीला भिऊन बदलली नाही. बसलो असतो दोन मिनिटं, काय मोठंसं! मी याचं तोंड बघितलं. म्हटलं, यानं विचारलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. नाही विचारलं तर तुम्ही याचं अक्षर काढाल. अकरा वर्षं वाट बघितलीय यानं, मी याच्याच खोलीत झोपायचो, मला माहितेय. झोपेतसुद्धा संघाची यादी म्हणायचा. गोल काय, पुढच्या वर्षीही होतील.”

वेसची जर्सी अर्धी निघालेली, दोन्ही हात बाह्यांत अडकलेले, आणि डोकं आत. त्यानं ते तिथंच ठेवलं. त्याला इतकं भरून आलं होतं की बाहेर निघायची सोय नव्हती.

टिंडल मार्सेलकडं वळला. “तू ब्लांशव्हिलचा कप्तान आहेस ना?”

“हो.”

“नशीब फुटकं आमचं.”

मग तो वेसपाशी गेला. जर्सी दोन्ही हातांनी धरली, लहान पोराला घालतात तशी खसकन खाली ओढली, अक्षर छातीवर आलं का ते बघितलं, आणि निघून गेला. डोकं मात्र गळ्यातून नीट बाहेर आलं नव्हतं. वेस आतच राहिला. पोरांना वाटलं तो अडकलाय, दोघं सोडवायलाही उठले. ताउनोनं त्यांना हातानंच बसायला सांगितलं.

“निघ आता बाहेर,” मार्सेल म्हणाला. “आई गाडीत थांबलीय. म्हणतेय, दोघांपैकी कोण रडत असेल त्याला पुढं बसवते.”

“तूच बस पुढं,” जर्सीच्या आतून वेस म्हणाला.